कारखान्यावरच्या कादंबऱ्यांमध्ये कारखाना आहे कुठे?

सांजवाचक

गेले काही महिने एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी 'औद्योगिक' कादंबऱ्या ओळीनं वाचतोय. खासदार डिझरायलीची 'सिबिल' (१८४५), एलिझाबेथ गॅस्केलची 'मेरी बार्टन' (१८४८) आणि 'नॉर्थ अँड साउथ' (१८५४-५५), शार्लट ब्राँटीची 'शर्ली' (१८४९), डिकन्सची 'हार्ड टाइम्स' (१८५४). वाङ्मयाच्या इतिहासांत या सगळ्यांना एकाच दावणीला बांधतात आणि वर 'यंत्रयुगाचं चित्रण' अशी पाटी लावतात. पाटी वाचून आत शिरलो आणि शोधतच राहिलो.

धूर आहे. संप आहे, उपासमार आहे, तळघरातल्या खोलीत पाझरणारी घाण आहे, मालकाच्या घरची मेजवानी आहे. पण यंत्रासमोर उभा राहून राबणारा माणूस, प्रत्यक्ष राबताना, जवळजवळ दिसतच नाही. मेरी बार्टन गिरणीत जात नाही, ती शिवणकाम शिकते. पोरीनं गिरणीत पाऊल टाकावं हे बापालाच मंजूर नसतं. 'शर्ली'त यंत्रं येतात ती वाटेतच फोडली जाण्यासाठी. 'हार्ड टाइम्स'मधला स्टीफन ब्लॅकपूल यंत्रमागावर आहे खरा, पण त्याचा माग चार-दोन वाक्यांत आटोपतो आणि डिकन्स त्याला घेऊन पुन्हा रस्त्यावर, खोलीवर, मालकाच्या दिवाणखान्यात. वाफेच्या इंजिनाचा दांडा खिन्न वेडानं पछाडलेल्या हत्तीच्या डोक्यासारखा वर-खाली होत राहतो, ही त्यातली प्रतिमा सगळ्यांना ठाऊक असते. जबरदस्तच आहे ती. पण ती बाहेरून बघणाऱ्याची आहे. त्या हत्तीशेजारी आयुष्य काढणाऱ्याला काय दिसत होतं, ते काही कळत नाही. गंमत म्हणजे डिकन्सला हे पक्कं माहीत होतं. रात्री दिवे लागलेल्या गिरण्या परीमहालासारख्या दिसतात, 'निदान एक्स्प्रेसनं जाणारे प्रवासी तसं म्हणत' असा चिमटा त्यानं स्वतःच काढलाय.

असं का झालं असावं? 'लेखक मध्यमवर्गीय होते' हे उत्तर तयारच असतं, पण ते अपुरं वाटतं. गॅस्केलबाई मँचेस्टरमध्ये राहत होत्या. नवरा क्रॉस स्ट्रीट चॅपलचा धर्मोपदेशक. प्रार्थनेला गिरणीमालक येत आणि बाई मदतकार्यासाठी मजुरांच्या घरोघर जात. दोन्ही बाजूंची इतकी जवळून ओळख असलेला लेखक त्या काळात दुसरा सापडणं कठीण.

माझा अंदाज वेगळा आहे. कादंबरी बोलण्यावर जगते. आणि यंत्रमागांच्या खात्यात बोलणंच शक्य नव्हतं. शेकडो धोटे एकाच वेळी आदळत असताना लँकेशरचे (मँचेस्टरभोवतीचा कापड गिरण्यांचा परगणा) विणकर ओठांच्या हालचाली ठळक करून, हातवारे करून एकमेकांशी बोलत. ऐकू काहीच येत नसे. अशा जागी कादंबरीकारानं पात्रांना उभं करून करायचं काय? म्हणून तो त्यांना सुट्टी झाल्यावरच गाठतो.

मग यंत्रयुग साहित्यात आलं कुठून? मला वाटतं, घड्याळातून. हातमागाचा विणकर घरी काम करायचा तेव्हा आठवडा त्याच्या मर्जीचा होता. सोमवार हक्कानं वाया घालवायचा (त्याला 'सेंट मंडे' म्हणत, जणू एखाद्या संताचाच वार), मंगळवारी रमतगमत सुरुवात, आणि गुरुवार-शुक्रवार रात्री जागून माल पुरा करायचा. गिरणीनं हे मोडून काढलं. पहाटे लांब काठीनं खिडकीवर टकटक करून उठवणारी माणसं आठवड्याला काही पेन्स घेऊन गल्लोगल्ली फिरू लागली. फाटक ठरल्या मिनिटाला बंद, उशिराला दंड. आणि घड्याळ कुणाच्या ताब्यात? स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका गिरणीकामगाराच्या १८५० मध्ये छापलेल्या आठवणींत आहे की गिरणीतली घड्याळं सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे केली जात, आणि कामगार स्वतःचं घड्याळ बाळगायला घाबरत, कारण वेळेबद्दल जास्त अक्कल असलेल्याला कामावरून काढत. इतिहासकार ई. पी. थॉम्प्सन यांनी १९६७ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात हा उतारा वापरलाय. एवढं भेदक वाक्य मला या पाचही कादंबऱ्यांत मिळालं नाही.

आणि लेखकही त्याच घड्याळाला जुंपला गेला. 'हार्ड टाइम्स' डिकन्सनं स्वतःच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या दोन पेनीच्या साप्ताहिकात हप्त्यानं लिहिली. जागेची अडचण जीव चिरडून टाकणारी आहे, असं तो मित्राला पत्रात लिहितो. म्हणजे कारखाना कादंबरीत विषय म्हणून थोडा आणि शिस्त म्हणून भरपूर आलाय, असं माझं म्हणणं. झोडा आता.


लोहमार्ग

धागा आवडला. घड्याळाचा मुद्दा गिरणीपुरता ठेवू नका, त्यात रेल्वे आणलीच पाहिजे (माझं नाव वाचलंतच).

रेल्वेपूर्वी प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर चालायची. ब्रिस्टल लंडनच्या दहा मिनिटं मागे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनं १८४० मध्ये सगळ्या स्थानकांवर लंडनची वेळ लावली, तर ब्रिस्टलकरांनी चौकातल्या घड्याळाला दोन मिनिटकाटे बसवले, एक गावचा आणि एक गाडीचा. ते घड्याळ अजून तसंच आहे. कायद्यानं देशभर एक वेळ व्हायला १८८० उजाडलं, पण लोकांनी त्याच्या कितीतरी आधी गाडीची वेळ पत्करली होती. 'डॉम्बी अँड सन'मध्ये (१८४६-४८) डिकन्स म्हणतो की घड्याळंसुद्धा रेल्वेची वेळ पाळू लागली, जणू सूर्यानंच हार खाल्ली. याच कादंबरीत लंडनच्या कॅम्डन टाउनमधली एक अख्खी वस्ती रेल्वेसाठी खणून काढतात त्याचं वर्णन आहे. तिरकी टेकू दिलेली घरं, कुठेच न जाणारे पूल, अर्धवट कमानी, मातीचे ढीग. बांधकाम चालू असलेला रस्ता ज्यानं पाहिलाय त्याला ते पान वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

कवी टेनिसनची गंमत माहीत असेलच. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला तेव्हा तो त्या गाडीनं गेला. रात्र काळीकुट्ट, फलाटावर ही गर्दी, चाकं काही दिसली नाहीत. चाकं खाचेतून धावतात अशी त्याची समजूत झाली आणि 'लॉक्स्ली हॉल'मध्ये जग बदलाच्या खणखणत्या खाचांतून धावत राहो, अशी ओळ येऊन बसली. बदलाचं इतकं नावाजलेलं रूपक अंधारात चाकं न दिसल्यामुळे जन्माला आलं!

आणि वर्ड्सवर्थ. १८४४ मध्ये आपल्या सरोवरांच्या प्रदेशात येणाऱ्या रेल्वेविरुद्ध सुनीत लिहून वर्तमानपत्राकडे धाडणारा. त्याच प्रदेशाचं प्रवासी मार्गदर्शक लिहून गर्दीला आवतण कुणी दिलं होतं? ह्यानंच.

अवांतर: ९ जून १८६५ ला स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातात डिकन्सचा डबा पुलावरून लोंबकळत राहिला. जखमींना मदत करून झाल्यावर 'अवर म्युच्युअल फ्रेंड'च्या हप्त्याचं हस्तलिखित आणायला तो पुन्हा त्या डब्यात चढला. हप्ता तो हप्ता! पुढच्याच वर्षी त्यानं 'द सिग्नलमन' ही भुताची गोष्ट लिहिली. भूत जुन्या वाड्यातून निघून बोगद्याच्या तोंडाशी आलं ते असं. बरोबर पाच वर्षांनी, ९ जूनलाच, तो वारला.


तिरपा डोळा

नेहमीप्रमाणे पाच इंग्रजी कादंबऱ्यांवरून अख्ख्या साहित्याचा निकाल. फ्रेंच कादंबरीकार झोला वाचा. 'जर्मिनाल', १८८५. आधीच्या वर्षी फ्रान्समधल्या आंझँच्या कोळसा खाणीत संप चालू असताना तिथे जाऊन खाली उतरून आला होता पठ्ठ्या. कोळशाच्या अरुंद थरात आडवं पडून, मान वाकडी करून कुदळ चालवणारा माणूस, वरून टपकणारं पाणी, वर्षानुवर्षं उजेड न पाहिलेला घोडा, सगळं आहे. तुमचा 'आवाजात संवाद शक्य नाही' हा सिद्धांत तिथेच गडगडतो. झोलाच्या प्रेतयात्रेत १९०२ मध्ये खाणकामगार 'जर्मिनाल! जर्मिनाल!' असा घोष करत चालले होते. 'हार्ड टाइम्स'साठी कुणी केलं का असं?


सांजवाचक

@तिरपा डोळा, गडगडत नाही, उलट टेकू मिळतो. खाणीत बोलता येतं. कुदळ थांबली की शांतता. कोळसा फोडणारी टोळी एकमेकांशी बोलत, चेष्टा करत, शिव्या देत काम करते, म्हणून झोला तिथे प्रकरणंच्या प्रकरणं रेंगाळू शकतो. यंत्रमागांच्या खात्यात त्यानं काय केलं असतं ते बघायला आवडलं असतं.

दुसरं म्हणजे मधे चाळीस वर्षं गेलीत. गॅस्केलबाईंपुढचा प्रश्न 'या माणसांनाही मन असतं हे वाचकाला कसं पटवू' असा होता. 'मेरी बार्टन' निनावी छापली तरी मालकांच्या गोटातून आरडाओरडा झालाच की मजुरांची बाजू घेतली म्हणून. झोलाच्या वेळेपर्यंत ते भांडण बरंच पुढे सरकलं होतं.

@लोहमार्ग, खाचांचा किस्सा भारीच!


फक्त वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: हे सगळं मालक, पाद्र्याची बायको, खासदार यांनी लिहिलेलं. मजूर स्वतः काही लिहीत-वाचत होते की नाही?


गौरी_इ

त्या प्रश्नाकडे कुणीतरी येईलच. मला आधी मूळ लेखातल्या 'यंत्र दिसत नाही' यावर बोलायचंय. यंत्र नसेल दिसत, पण यंत्रानं शरीराचं काय केलं ते दिसतं, आणि गॅस्केल त्यात डिकन्सच्या फार पुढे आहे.

'नॉर्थ अँड साउथ'मधली बेसी हिगिन्स आठवा. एकोणीस वर्षांची, पिंजण खात्यात काम करून फुप्फुसं गेलेली. कादंबरीची नायिका मार्गारेट तिला विचारते, तर ती सांगते की कापूस पिंजताना त्यातून बारीक तंतू उडतात, हवा पांढरी होते, ते छातीत जाऊन बसतात. मग म्हणते, काही गिरण्यांत खोलीच्या टोकाला मोठं चाक बसवतात, त्याच्या वाऱ्यानं धूळ निघून जाते. पण त्या चाकाला पाच-सहाशे पौंड पडतात आणि नफा तर काहीच नाही, त्यामुळे फार थोडे मालक बसवतात. इथपर्यंत कुठलाही सुधारक लेखक आला असता. पुढचं वाक्य वाचा: काही कामगारांनाच ते चाक नको असायचं, कारण वर्षानुवर्षं ते तंतू गिळायची सवय झालेली, ते बंद झाले की भूक लागते, आणि मग मजुरी वाढवून मिळायला हवी!

हे कल्पनेतून सुचत नाही. हे कुणीतरी तिला सांगितलेलं असणार. यात यंत्राचा आवाज नाही, हत्ती नाही, पण चाकाची किंमत, मालकाचा हिशेब आणि मजुराचं पोट एका श्वासात येतं. मला तरी याहून आत गेलेला कारखाना नकोय.

दुसरा मुद्दा सरकारी अहवालांचा. निळ्या वेष्टणातले संसदेचे चौकशी अहवाल हे त्या काळचं सर्वांत थरारक वाङ्मय होतं असं मी गंभीरपणे म्हणते. १८४२ च्या खाणीतल्या बालकामगारांवरच्या अहवालात बार्न्सलीजवळच्या गॉबर खाणीतल्या सेरा गूडर या आठ वर्षांच्या मुलीची जबानी आहे. तिचं काम दार उघडायचं आणि लावायचं. कोळशाची गाडी आली की उघडायचं, गेली की लावायचं, म्हणजे हवा नीट खेळते. पहाटे चारला, कधी साडेतीनला खाली उतरायचं, संध्याकाळी पाच-साडेपाचला वर. ती म्हणते, दमायला होत नाही, पण दिव्याशिवाय बसावं लागतं आणि भीती वाटते. मी झोपत मात्र नाही. कधी उजेड असला तर गाते, अंधारात नाही गात. तेव्हा गायची छाती होत नाही.

ही जबानी टिपून घेणारा कुणी लेखक नव्हता, सरकारी माणूस होता. त्या अहवालात चित्रंही होती, ती बघून संसद हादरली आणि त्याच वर्षी बायका, मुली आणि दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवायला बंदी झाली. डिझरायलीनं 'सिबिल'साठी असे अहवाल सरळ उपसलेत. एलिझाबेथ बॅरेटची (ब्राउनिंगशी लग्न अजून व्हायचं होतं) 'द क्राय ऑफ द चिल्ड्रन' १८४३ ची; याच चौकशीच्या कामात असलेला रिचर्ड हॉर्न तिचा मित्र होता. त्या कवितेतली मुलं चाकांना विनवतात की आजचा दिवस तरी थांबा, गप्प बसा. कविता चांगलीच आहे. पण सेरा गूडरच्या चार वाक्यांपुढे मला ती सजवलेली वाटते. मारा मला.


बोरूबहाद्दर

छपाईच्या धंद्यात उमेदवारी केलेला माणूस असल्यामुळे माझी नजर जाते ती कागदाकडे आणि दराकडे. सांजवाचक यांच्या 'शिस्त म्हणून आलाय' या वाक्यात अख्खा धंदा लपलाय, तो थोडा उलगडतो.

२९ नोव्हेंबर १८१४ ला लंडनचा 'टाइम्स' पहिल्यांदा वाफेच्या छापयंत्रावर छापला गेला. तासाला ११०० कागद. हातछपाईत दोन-अडीचशेच्या पुढे जाणं मुश्कील. यंत्र गुपचूप उभारलं होतं, कारण छापखान्यातले कामगार ते फोडतील ही धास्ती. नॉटिंगहॅमकडे मोजे विणायची यंत्रं फोडण्याचे प्रकार नुकतेच झाले होते, सरकारनं त्याला फाशीची शिक्षा लावली होती, आणि कवी बायरननं १८१२ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहातलं आपलं पहिलंच भाषण त्या कायद्याविरुद्ध ठोकलं होतं. म्हणजे ज्या यंत्रानं लेखकाला लाखो वाचक दिले, त्या यंत्राचा जन्मही चोरूनच झाला.

पण यंत्र आलं म्हणून पुस्तक लगेच स्वस्त झालं नाही. नवी कादंबरी तीन खंडांत निघायची आणि किंमत साडेएकतीस शिलिंग. मजूर सोडाच, कारकुनालाही परवडायची नाही. मग लोक वाचायचे कशी? मूडीच्या वाचनालयातून. वर्षाला एक गिनी वर्गणी, एका वेळी एक खंड. आता मेख बघा. तीन खंड असले की एकच कादंबरी एका वेळी तीन घरी फिरते. त्यामुळे मूडीला तीन खंडच हवेत, म्हणून प्रकाशकाला हवेत, म्हणून लेखकानं गोष्ट ताणायची. व्हिक्टोरियन कादंबऱ्या मधेच का फुगतात याचं निम्मं उत्तर वाचनालयाच्या हिशेबवहीत आहे. १८९४ मध्ये मूडी आणि दुसरा मोठा वाचनालयवाला स्मिथ यांनीच हात आखडता घेतला आणि दोन-तीन वर्षांत हा त्रिखंडी प्रकार आटोपला.

दुसरी वाट हप्त्यांची. 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) महिन्याला एक शिलिंगचा हप्ता. सुरुवातीच्या हप्त्यांना कुणी विचारत नव्हतं, शेवटी खप चाळीस हजारांवर. तिसरी वाट रेल्वेची: १८४८ मध्ये स्मिथनं यूस्टन स्थानकावर पुस्तकांचा स्टॉल टाकला आणि गाडीत वाचायच्या स्वस्त पिवळ्या पुठ्ठ्याच्या कादंबऱ्यांचा पूर आला. बग्गीत हादऱ्यांनी वाचता येत नसे, गाडीत येऊ लागलं. आणि चौथी वाट, जिच्याकडे अभ्यासक नाकं मुरडतात: एक पेनीचा हप्ता. रेनल्ड्सची 'मिस्टरीज ऑफ लंडन' १८४४ पासून दर आठवड्याला पेनीला मिळायची. गिरणीतलं पोरगं वाचत असलंच तर हे वाचत होतं. 'हार्ड टाइम्स' नव्हे.

लेखक आणि हप्ता यांचं भांडण बघायचं तर 'नॉर्थ अँड साउथ'. संपादक डिकन्स, लेखिका गॅस्केल. त्याला दर आठवड्याला मोजून-मापून मजकूर आणि शेवटी उत्कंठा हवी. बाईंना त्यांच्या चालीनं चालायचं. नावही तिच्या मनात 'मार्गारेट हेल' होतं, डिकन्सनं सुचवलेलं लागलं. शेवट इतका कोंबावा लागला की पुस्तक काढताना बाईंनी नवा मजकूर घालून तो सैल केला. मालकानं ठरवलेल्या मापात माल काढून देणं म्हणजे काय, हे तिला संपावरची कादंबरी लिहिता लिहिताच कळलं असणार.

तिरपा डोळा यांच्यासाठी: यंत्राच्या आत गेलेली आणि झोलाच्या तीस वर्षं आधीची एक गोष्ट आहे. अमेरिकन लेखक मेल्व्हिलची, १८५५ ची, अमेरिकेतल्या कागद गिरणीवरची. बियाण्यांचा व्यापारी पाकिटांसाठी कागद घ्यायला जातो, पांढऱ्याफटक मुली गप्पपणे चिंध्या फाडताहेत, आणि लगदा यंत्रात शिरल्यापासून कागद होऊन बाहेर पडायला नेमकी नऊ मिनिटं. तिथे कुणीच बोलत नाही आणि तरीही गोष्ट उभी राहते. लेखकानं ज्या कागदावर लिहायचं त्याचाच कारखाना जाऊन बघितला, हे मला फार भावतं.


तिरपा डोळा

मेल्व्हिलबद्दल आभार. सांजवाचक, आता बोला. संवाद नाही, शांतता आहे, आणि तरी गोष्ट आहे.


सांजवाचक

गोष्ट आहे, कादंबरी नाही. गप्प माणसांवर वीस पानं निघतात, तीन खंड निघत नाहीत. बोरूबहाद्दरांनी मूडीचा हिशेब माझ्याच मदतीला आणलाय. 😀

गौरी, चाकाचा उतारा मी वाचून पुढे गेलो होतो, आता परत काढून वाचला. शेवटच्या वाक्याशी थांबायलाच हवं होतं.


कावेरी

वाचनमात्र यांच्या प्रश्नाकडे येते. लिहीत होते, आणि बरंच. फक्त कादंबऱ्या नाहीत. कादंबरी लिहायला मोकळे महिने लागतात. गाणं पाळीवर असताना डोक्यात रचता येतं आणि डोक्यातच नेता येतं. म्हणून मजुरांचं साहित्य बहुतेक पद्यात आहे.

'मेरी बार्टन'मध्येच एक नमुना आहे. मार्गारेट नावाची मुलगी ओल्डहॅमच्या विणकराचं गाणं म्हणते. ते गॅस्केलनं रचलेलं नाही, लोकांत चालत आलेलं, लँकेशरच्या बोलीतलं. हातमागाचा विणकर सांगतो की अंगावरचे कपडे विरले, खायला काही नाही, खाजकुइली पाला (तिकडचं नेटल) होता तोवर त्यावर काढले. बाईंनी ते बोलीसकट छापलं आणि नवऱ्याची बोलीवरची व्याख्यानं पुढच्या एका आवृत्तीला जोडली, हे मला त्यांच्या कुठल्याही कळवळ्यापेक्षा मोठं वाटतं.

स्कॉटलंडची एलेन जॉन्स्टन ही यंत्रमागावर काम करणारी बाई. वर्तमानपत्रात 'फॅक्टरी गर्ल' नावानं कविता द्यायची, १८६७ मध्ये आत्मवृत्तासह संग्रह निघाला. डंडीत तिला फोरमननं कारण न देता काढलं तर हिनं त्याला कोर्टात खेचलं आणि जिंकली. आणि तिच्या कविता नुसत्या रडगाण्याच्या नाहीत. आपल्या गिरणीला उद्देशून कौतुकानं लिहिलेल्याही आहेत. आपल्याला अपेक्षित असलेला कामगार कवी तिच्यात बसत नाही, म्हणून ती अनेक वर्षं कुणाच्या यादीत नव्हती, असा मला संशय आहे.

वाचण्याचं म्हणाल तर अमेरिकेत लोवेलच्या गिरणीत पुस्तक आणायला बंदी होती. लूसी लार्कम या मुलीनं वर्तमानपत्रांतल्या कवितांची कात्रणं तिच्या खिडकीच्या कडेला चिकटवून ठेवली. येता-जाता वाचायच्या. पुस्तक नाही ना, भिंतच आहे! त्या मुलींनी १८४० ते ४५ 'लोवेल ऑफरिंग' नावाचं स्वतःचं मासिकही चालवलं. डिकन्स १८४२ मध्ये तिथे गेला तेव्हा त्यानं त्याची चारशे पानं अथपासून इतिपर्यंत वाचली. आणि स्कॉटलंडमधल्या ब्लँटायरच्या गिरणीत दहाव्या वर्षी लागलेला डेव्हिड लिव्हिंग्स्टन (हो, तोच आफ्रिकेचा) सूत कातायच्या यंत्रावर पुस्तक उघडून ठेवायचा आणि येरझाऱ्यांत एकेक वाक्य टिपायचा. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्यानं लॅटिन व्याकरण घेतलं होतं.


लोहमार्ग

'येरझाऱ्यांत एकेक वाक्य' हे वाचून थबकलो. मूळ लेखात घड्याळानं माणसाला बांधलं असं आलं होतं. इथे माणूस घड्याळाच्या फटीत वाचतोय.


तिरपा डोळा

सगळं छान चाललंय, पण कापूस कुठून येतोय यावर एकही प्रतिसाद नाही. कादंबऱ्यांतही नाही. मँचेस्टरला जाणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांनी वेचलेला. गॅस्केलच्या मिल्टनमध्ये ('नॉर्थ अँड साउथ'मधलं गिरणीगाव) मालक आणि मजूर एकमेकांना समजून घेतात, समेट होतो, वाचक डोळे पुसतो, आणि गासडी कुणी भरली हे कुणी विचारत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मग सगळ्यांना आठवलं. त्यातही मान द्यायचा तर मँचेस्टरच्या कामगारांना द्या: ३१ डिसेंबर १८६२ ला सभा घेऊन त्यांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं, स्वतः उपाशी असताना. लिंकननं १९ जानेवारीला उत्तर दिलं. कादंबरीकार तेव्हा काय करत होते?


कावेरी

कादंबरीकारांचं माहीत नाही, कवींचं सांगते. त्या टंचाईत कामावरून गेलेल्यांत स्टॅलीब्रिजचा यंत्रमाग कामगार सॅम्युअल लेकॉक होता. त्याच काळातली त्याची एक कविता नुकत्याच जन्मलेल्या बाळाला उद्देशून आहे: ये बाबा, स्वागत आहे, पण आत्ताच यायला नको होतंस, दिवस वाईट आहेत.

आणि अमेरिकन कापसाच्या जागी काय आलं? हिंदुस्थानातला, ज्याला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत. आखूड धाग्याचा, कचरा भरलेला, सारखा तुटणारा. एका प्रार्थनासभेत देवाकडे कापूस मागताना मागून कुणीतरी 'पण देवा, सुरत नको' असं म्हणाल्याची कहाणी लँकेशरमध्ये सांगतात. लेकॉकचं 'सुरतच्या विणकराचं गाणं' याच कापसावर आहे. सांजवाचक, तुम्ही विचारत होतात ना मागासमोरच्या माणसाला काय दिसतं, तर हे घ्या. पाठ मोडायला आली, बोटं सोलवटली, या सुरतमध्ये डोळे फाडून फाडून वटवाघळासारखा आंधळा व्हायची पाळी. कापड घेऊन गेलं की म्हातारा ज्यो शिव्या घालतो आणि वर पगारातून कापतो. एका मागावरच्या ताण्याच्या दोन्ही कडा बिघडलेल्या, दुसऱ्याला खळ इतकी की तोही तसलाच.


सांजवाचक

दोन्ही माग, कडा, खळ, पगारातली कपात. सगळं बिनबोभाट आत आहे आणि एकही उपमा यंत्राची नाही, ती स्वतःच्या डोळ्यांची आहे. हे गाणं माझ्या वाचनात नव्हतं. कुठे मिळेल? कादंबऱ्यांच्या यादीत शोधून काय मिळणार म्हणा.


बोरूबहाद्दर

मूडीच्या यादीत तर नव्हतंच. लेकॉकची गाणी त्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रांत यायची, सुट्या कागदावर छापून विकली जायची, आणि बेकार पोरंपोरी ती पाठ करून रस्त्यावर म्हणत. बांधीव पुस्तक नंतर निघालं. जुन्या संग्रहांच्या स्कॅन प्रती सहज मिळतात. बोली अवघड आहे, मोठ्यानं वाचा म्हणजे अर्थ लागत जातो. मी 'डॉम्बी'चं रेल्वेचं प्रकरण परत काढलंय, त्यावर वेगळा धागा काढावा का? लोहमार्ग, तुम्हीच घ्या मनावर.